मेढेकोट आणि लोहकीट : मध्ययुग शिकवताना

मध्ययुगीन युरोपीय साहित्याची पार्श्वभूमी वर्गात सांगू लागलो की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर एक चित्र आपोआप उभे राहते : काळ्या दगडाचा उंच किल्ला, त्याचे बुरूज, खंदकावर उचलून घेता येणारा पूल आणि सज्जात उभी असलेली राजकन्या. हे चित्र सर्वस्वी खोटे नाही, पण ते बरेच उशिराचे आहे. ज्या शतकांत वीरगाथा गायल्या जात होत्या आणि दरबारी प्रेमाच्या कथा घडत होत्या, त्या अकराव्या-बाराव्या शतकांत इंग्लंड, वेल्स आणि उत्तर फ्रान्समधील बहुसंख्य किल्ले माती आणि लाकूड यांचे होते. खंदक खणायचा, निघालेल्या मातीचा माथा कापलेल्या शंकूसारखा ढीग रचायचा, त्यावर लाकडी मनोरा उभा करायचा, पायथ्याशी तट आणि मेढींनी वेढलेले एक आवार राखायचे, अशी ही रचना. ढिगाला ‘मॉट’ म्हणतात, आवाराला ‘बेली’. मराठीला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. लाकडी मेढी रोवून केलेल्या तटबंदीसाठी ‘मेढेकोट’ हा नेमका शब्द आपल्या जुन्या कागदांत आणि कोशांत आहे. वस्तू विसरली गेली, शब्द तेवढा राहिला.

आमचे म्हणणे असे की दगडी किल्ल्याचे हे चित्र केवळ माहितीच्या अभावातून आलेले नाही. जे टिकले तेच त्या काळाचे प्रातिनिधिक होय, अशी एक समजूत त्याच्या मुळाशी आहे. आणि हीच समजूत आपण वाङ्मयेतिहास लिहिताना आणि शिकवतानाही बाळगून असतो. म्हणून एका लाकडी किल्ल्याच्या उत्खननाकडे साहित्याच्या अभ्यासकांनी मुद्दाम पाहावे, असे आम्हांला वाटते.

इंग्लंड-वेल्सच्या सीमेवर, माँटगमरी या गावाजवळ ‘हेन डोमेन’ नावाचे एक टेकाड आहे. वेल्श भाषेत या नावाचा अर्थ ‘जुना उंचवटा’. नॉर्मन सरदार रॉजर द माँटगमरी याने 1070 च्या दशकाच्या आरंभी हा किल्ला बांधला आणि त्याला नॉर्मंडीतील आपल्या घराण्याच्या गावाचे नाव दिले. 1086 च्या डूम्सडे बुकात त्याची नोंद आहे. 1095 मध्ये वेल्श सैन्याने तो घेतला. 1102 मध्ये रॉजरचा मुलगा रॉबर्ट बंडात सापडून जहागीर गमावून बसला आणि पुढे किल्ला बाल्डविन द बुलर या दुसऱ्या सरदाराकडे गेला. वेल्श लोक माँटगमरीला आजही ‘त्रेवाल्डविन’, म्हणजे बाल्डविनचे गाव, असे म्हणतात. 1223 मध्ये तिसऱ्या हेन्रीने दीडेक किलोमीटरवरील खडकावर नवा दगडी किल्ला बांधायला घेतला; त्यानंतर जुना मेढेकोट चौकी म्हणून सुमारे 1300 पर्यंत वापरात राहिला आणि मग गवताखाली गेला.

हे टेकाड फिलिप बार्कर यांनी 1960 पासून खणायला घेतले. पुढे रॉबर्ट हायम त्यांच्यासोबत आले आणि 1992 पर्यंत हे काम चालले. बार्कर (1920-2001) मुळात चित्रकलेचे शिक्षक. ही गोष्ट आम्हांला गौण वाटत नाही. लाकूड कुजून जाते. मागे राहतो तो मातीच्या रंगातील फरक. जिथे खांब होता तिथली माती थोडी काळपट, थोडी भुसभुशीत. आणि जिथे खांब पुरलेलेच नव्हते, घर जमिनीवर आडव्या टाकलेल्या ओंडक्यांवर उभे होते, तिथे तेवढीही खूण नाही. फक्त खड्यांची एक रेघ अचानक थांबते, किंवा पायांखाली झिजलेली जमीन एका सरळ कडेशी संपते. बार्कर यांनी अरुंद चर खणण्याची जुनी पद्धत सोडून विस्तृत पृष्ठभाग एकाच वेळी उघडा ठेवला, तो लहान थापीने इंच-इंच खरवडला, रंग उठून दिसावेत म्हणून त्यावर पाणी फवारले. त्यातून बेलीच्या उत्तर भागात एकामागून एक उभ्या राहिलेल्या, पाडलेल्या, जळलेल्या, पुन्हा बांधलेल्या इमारतींची दाटी उलगडत गेली. अरुंद चर खणला असता तर यातले काहीही दिसले नसते. दोन-चार खड्डे नोंदवून प्रकरण मिटले असते.

या दाटीतून दोन गोष्टी निघाल्या आणि दोन्ही आपल्या कल्पनेला धक्का देणाऱ्या आहेत. पहिली ही की लाकडी किल्ला हा दगडी किल्ल्याचा कच्चा खर्डा नव्हता. दोन शतकांहून अधिक काळ तो बांधला, दुरुस्त केला, नव्याने मांडला जात राहिला. हायम आणि बार्कर यांनी 1992 च्या ‘टिंबर कासल्स’ या ग्रंथात हा मुद्दा साऱ्या युरोपातील पुराव्यानिशी मांडला आहे. दुसरी गोष्ट अधिक बोचरी. तीन दशके खणूनही सापडलेल्या वस्तू थोड्या आणि साध्या होत्या. कागदपत्रे हाताशी नसती, तर सीमेवरच्या बलाढ्य सरदारांचे हे ठाणे आहे असे त्या खापरांवरून आणि हाडांवरून कुणी म्हटले असते का, याची शंकाच आहे. बाराव्या शतकातील रोमान्समध्ये रेशीम, सोन्याचे पेले आणि मेजवान्या यांची जी रेलचेल असते, ती वाचून ज्यांनी सरदारी जीवनाची कल्पना केली त्यांनी हेन डोमेनचा चिखल एकदा शेजारी ठेवून पाहावा. त्या कथा खोट्या ठरत नाहीत. त्या कशाच्या भुकेतून आल्या असतील, एवढे मात्र दिसू लागते.

आणखी एक तपशील सांगतो. किल्ल्याच्या तटाखाली, म्हणजे 1070 च्याही आधीच्या थरात, नांगरटीचे वरंबे आणि सऱ्या जशाच्या तशा दबून राहिलेल्या आढळल्या. हा प्रदेश नॉर्मन येण्यापूर्वी ओसाड होता आणि शिकारीसाठी वापरला जाई, असे डूम्सडे बुक सांगते. लेख आणि माती इथे एकमेकांना खोडत नाहीत, पण मातीला लेखाच्या मागचे दिसते : ओसाड होण्याआधी इथे कुणीतरी शेत कसत होते. ‘ओसाड’ हा शब्द दप्तरात लिहिणारा कारकून त्या शेतकऱ्याची नोंद करण्यासाठी बसलेला नव्हता.

लेखी साधनांना या किल्ल्यांविषयी सांगायचे आहे ते काही कमी नाही. बायोच्या सुप्रसिद्ध भरतकामाच्या पटावर हेस्टिंग्जचा मॉट रचला जात असताना दाखवला आहे. हातात फावडी घेतलेली माणसे आहेत आणि ढिगाचे वेगवेगळ्या रंगांचे थरसुद्धा आहेत. दिनाँच्या दृश्यात मेढेकोटाला पलिते लावले जात आहेत. पण आम्हांला सर्वांत उद्बोधक वाटते ते आर्द्रच्या लँबर्टचे वर्णन. हा उत्तर फ्रान्समधला एक पाद्री. सन 1200 च्या आसपास त्याने आपल्या प्रदेशातील सरदारांचा लॅटिन इतिहास लिहिला. त्यात जवळजवळ ऐंशी वर्षांपूर्वी आर्द्रच्या मॉटवर बांधलेल्या लाकडी वाड्याचे सविस्तर वर्णन आहे. तळाशी कोठारे, पेट्या, पिंपे, वरच्या मजल्यावर धनी-धनिणीची मोठी खोली, तिला लागून दासींची आणि मुलांची खोली, तान्ह्यांना शेकण्यासाठी अग्नी पेटवायची निराळी जागा, स्वयंपाकघराच्या खालच्या भागात खाऊन माजवायची डुकरे आणि बदके, वर मुला-मुलींच्या निजायच्या जागा, शेवटी प्रार्थनामंदिर. हे वाचताना गोठ्यासकटचा एखादा जुना वाडा डोळ्यांसमोर येतो. लँबर्टने बांधणाऱ्या सुताराचे नावही दिले आहे : बुरबूरचा लुई. त्याचे कौशल्य सांगताना त्याने ग्रीक पुराणातल्या डेडॅलसची आठवण काढली आहे. वाड्यात वाट चुकावी इतक्या खोल्या, म्हणून चक्रव्यूह रचणारा डेडॅलस.

सुताराला नाव मिळाले, हे विशेष आहे. परंतु त्याच्या कुऱ्हाडीला पाते देणाऱ्याचे नाव नाही. बायोच्या पटावरही तेच. तिथे झाडे तोडली जातात, फळ्या तासल्या जातात, चिलखते दांड्यांवर टांगून जहाजांकडे नेली जातात. लोहार मात्र काम करताना कुठेच दिसत नाही. आणि इथे आमच्या विषयाचा खरा गाभा आहे. लाकडी किल्ला म्हणतो खरे, पण त्यातील एकही ओंडका लोखंडावाचून उभा राहिलेला नाही. कुऱ्हाड, तासणी, गिरमिट, फावड्याची धार, दाराच्या बिजागऱ्या, घोड्याचा नाल, बाणाचे टोक, या साऱ्यांना भट्टी हवी आणि ऐरण हवी. शिवाय पात्याला रोज धार लावावी लागते आणि तुटलेले पुन्हा जोडावे लागते.

हा लोहार मातीत कसा सापडतो, ते पाहण्यासारखे आहे. त्याने घडवलेली वस्तू बहुधा सापडत नाही, कारण लोखंड मोलाचे. मोडले की ते पुन्हा भट्टीत जाते. सापडतो तो त्याने टाकून दिलेला मळ. एक म्हणजे लोहकीट. धातुक गाळताना निघणारे कीट निराळे आणि घडाई करताना भट्टीच्या तळाशी वाटीच्या आकारात साचणारे कीट निराळे, त्यामुळे त्या जागी लोखंड गाळले जात होते की फक्त घडवले जात होते, हे सांगता येते. (जुन्या लोहकिटाचे महत्त्व आपल्या रसशास्त्रालाही माहीत होते, मंडुरासाठी शंभर वर्षांचे कीट उत्तम मानले आहे. पुरातत्त्वज्ञाला हे ऐकून आनंद व्हावा की धास्ती वाटावी, कोण जाणे.) दुसरी खूण याहून सूक्ष्म. तापलेल्या लोखंडाच्या पृष्ठावर काळा पापुद्रा धरतो आणि हातोडा बसला की त्याच्या बारीक खपल्या उडतात. दोन तुकडे पांढऱ्या उष्णतेला आणून ठोकून जोडताना वितळलेल्या मळाचे थेंब उडतात आणि हवेतच गोल होऊन पडतात. खपल्या आणि गोळ्या, दोन्ही एक-दोन मिलिमीटरच्या. डोळ्यांना ती नुसती काळी माती. पण चौकटी आखून प्रत्येक चौकटीतील माती चुंबकाने तपासली की त्या खपल्या सर्वांत दाट कुठे आहेत ते कळते; ऐरण तिथेच जवळपास असणार. कुठल्या जागी गोळ्या अधिक आहेत यावरून तिथे जोडकाम होत असे, हेही कळते. लोखंडाचा रंग पाहून उष्णता जोखायची असल्याने लोहारसाळ अंधारी ठेवत. त्या अंधारात मातीच्या जमिनीवर जे तुडवले गेले, ते आज आपल्याला त्या माणसाची उभी राहायची जागा दाखवते.

एरवी विरळ असणारा हा पुरावा एके ठिकाणी मात्र भरभरून मिळाला. फ्रान्समध्ये ग्रनोब्लपासून फार दूर नसलेल्या पालाद्रू सरोवराच्या काठी, शाराव्हीन गावाच्या हद्दीत ‘कोलेतिएर’ नावाची एक वस्ती पाण्याखाली गेलेली आहे. मेढींच्या कुंपणात तीन मोठ्या लाकडी इमारती. मॉट नव्हे, पण मॉटच्या लगेच आधीची पायरी. लाकडाच्या वर्षवलयांवरून तिचा आरंभ 1003 च्या सुमाराचा ठरतो. चार दशकांच्या आतच सरोवराचे पाणी चढले, लोक निघून गेले, आणि पुढे आसपासच्या टेकड्यांवर मॉट उभे राहिले. 1972 पासून मिशेल कोलार्देल आणि एरिक व्हेर्देल यांच्या नेतृत्वाखाली इथे पाण्याखाली उत्खनन झाले. पाण्याने जे जमिनीवर कुजते ते जपून ठेवले : लाकडी भांडी, वाद्यांचे भाग, बुद्धिबळाची प्यादी, शेतीची अवजारे, घोड्याचे सामान, शस्त्रे, आणि त्यांच्याच जोडीने लोहारकामाचे अवशेष. एकाच घरात नांगराचे काम आणि लढाईचे काम. उत्खननकारांनी या लोकांना ‘शेतकरी सरदार’ म्हटले. सरंजामशाहीच्या आकृतीत आपण फळ्यावर जे तीन कप्पे आखतो, त्यांपैकी दोन तरी इथे एकाच छपराखाली राहत होते. वर बुद्धिबळही खेळत होते!

या टप्प्यावर एका प्रलोभनापासून सावध राहिले पाहिजे. गेल्या काही दशकांत आपल्या समीक्षेत प्रत्येक गोष्टीला ‘संहिता’ म्हणण्याची सवय रुजली. शहर संहिता, शरीर संहिता. मग खांबाचा खड्डाही संहिताच. आम्हांला हे मान्य नाही. संहितेमागे कुणीतरी कुणासाठी तरी मांडलेली रचना असते, तिला वाचकाची अपेक्षा असते. ऐरणीखालच्या खपलीला कुणाचीच अपेक्षा नाही. ती फसवत नाही, तशी काही सुचवतही नाही. लँबर्टचे वर्णन वाचताना त्याचा धनी कोण आणि त्याला कुणाचे कौतुक करायचे होते, हे विचारावे लागते. हेन डोमेनच्या मातीला हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. तिथे प्रश्न येतो तो खणणाऱ्याचा, त्याने चर खणला की पृष्ठभाग उघडला याचा. हे दोन वाचनप्रकार वेगळे ठेवले तरच ते एकमेकांच्या उपयोगी पडतात.

कसे, ते ‘बेओवुल्फ’च्या उदाहरणाने सांगता येईल. आपल्याकडे हे काव्य बहुधा राक्षसवधाची कथा म्हणून शिकवले जाते. त्यातील हेओरोट हा राजवाडा लाकडी आहे. झुंजीच्या वेळी तो कोसळत कसा नाही, याचे कवीने दिलेले कारण असे की लोहारांच्या कसबाने त्याला आतून-बाहेरून लोखंडी पट्ट्यांनी आवळलेले आहे. तो पुढे आगीत जाणार, याचेही सूचन कवी आधीच करून ठेवतो. नायकाचे चिलखत वेलँड या दंतकथेतल्या लोहाराने घडवलेले. म्हणजे काव्याला लोहार माहीत आहे. पण तो एक तर पुराणपुरुष आहे किंवा निनावी कसब आहे. मातीतल्या लोहाराची ओळख झाल्यावर त्या लोखंडी पट्ट्या नुसता अलंकार राहत नाहीत. आणि हे काव्यही आपल्यापर्यंत आले ते एकाच हस्तलिखितातून. ते 1731 च्या आगीत कडांनी होरपळले. तेवढी एक पोथी त्या रात्री गेली असती तर आजच्या अभ्यासक्रमात जुन्या इंग्रजी काव्याचा केवढा भाग उरला असता?

इथून आपल्या घरच्या प्रश्नाकडे वळणे भाग आहे, कारण लाकूड आणि माती यांना दुय्यम लेखण्याची परंपरा आपलीही आहे. कौटिल्याने तट दगडाचा वा विटांचा करावा, लाकडाचा करू नये, त्यात अग्नी वसतो, असे बजावले आहे. मेगॅस्थेनीसने मात्र पाटलिपुत्राभोवती लाकडी तट असल्याचे लिहून ठेवले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी पाटण्याजवळ बुलंदीबागेत लाकडी तटबंदीचे अवशेष खरोखरच निघाले. शास्त्र काय सांगते आणि राजधानी कशाची बांधली होती, यांतले हे अंतर प्राचीन वाङ्मय शिकवताना आपण किती वेळा सांगतो? जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आले, याचा आनंद आम्हांलाही आहे. परंतु मराठवाडा, विदर्भ, खानदेश येथल्या गावोगावच्या मातीच्या गढ्या त्याच वेळी संपत आहेत. गढीची पांढरी माती धाब्याच्या घरांना उत्तम, म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या नेली गेली. आता ती यंत्राने उचलली जाते. दगड नेणाऱ्याला निदान कुणी हटकते तरी.

वाङ्मयेतिहासातही आपले दगड ठरलेले आहेत. लीळाचरित्राची मूळ पोथी धामधुमीत नष्ट झाली आणि पुढे शिष्यांच्या स्मरणातून पाठ उभे राहिले, हे महानुभाव परंपरा स्वतःच सांगते. पाडलेल्या जागेवर पुन्हा उभारलेली ही वास्तू आहे. थर वेगळे, खांब वेगळे. आपण मात्र तिच्याकडे एक अखंड ‘आद्य ग्रंथ’ म्हणून पाहायला शिकवतो आणि पाठभेदांना तळटिपेत धाडतो. ओव्या, जात्यावरची गाणी, लोहार-सुतारांच्या बोलीतले शब्द यांना ‘पूर्वपीठिका’ नावाच्या प्रकरणात बसवतो, जणू ते दगडी किल्ल्याआधीचे तात्पुरते कुंपण होते. हेन डोमेन दोन शतके लाकडाचेच राहिले. त्याला दगड व्हायचे नव्हते.

म्हणून आमची सूचना अगदी व्यवहारातली आहे. पदव्युत्तर वर्गात मध्ययुगीन साहित्याची प्रश्नपत्रिका काढताना ‘सरंजामशाहीची वैशिष्ट्ये लिहा’ हा प्रश्न काही वर्षे बाजूला ठेवावा. त्याऐवजी लँबर्टच्या वाड्याचे वर्णन मराठीत करून द्यावे, सोबत हेन डोमेनच्या बेलीचा एक आराखडा द्यावा, आणि दोहोंत कोण दिसते, कोण दिसत नाही, हे विचारावे. विभागाची सहल दरवर्षी गडावर जाते. एखाद्या वर्षी ती गढीवर न्यावी. तिथे खणू नये, काही उचलू नये. गावातल्या जाणत्यांना फक्त विचारावे की बलुतेदारांची घरे कुठल्या अंगाला होती आणि लोहारसाळ कुठे होती, आणि सांगितलेली जागा वहीत आराखडा काढून टिपून घ्यावी. ते सांगू शकणारी माणसे अजून पुष्कळ गावांत आहेत.